धुरपताची एका दिवसाची सही

धुरपता भोयर चौथी शिकलेली आहे, सही ठळक अक्षरात करते आणि माझ्याशी आजवर एकदाही गोड बोललेली नाही. तिच्याविषयी लिहिते आहे म्हटल्यावर गावातल्या दोघा-तिघांनी मला सुचवलं, 'कष्टाळू, मायाळू' असं काहीतरी येऊ द्या. कष्टाळू गावातला प्रत्येक बैल असतो. धुरपतानं एक सही करून अख्खा बाजार घालवला होता आणि तिनंच तो परत आणला. दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहिते.

आमचं करंजखेड वर्ध्याकडच्या आंजीच्या पुढं, मोठा रस्ता सोडून आत. दर शुक्रवारी इथं भाजीचा बाजार भरतो. ग्रामपंचायतीला लागून मैदान आहे, मैदानाच्या मध्यावर चिंचेचं जुनं झाड आहे, आणि त्या झाडाखाली चौतीस बायका आपापली टोपली घेऊन बसतात. पालक, चवळी, आंबाडी, भेंडी, वांगी आणि सांबार. सांबार म्हणजे पुण्या-मुंबईची कोथिंबीर. तिकडून आलेली माझी सून पहिल्या दिवशी सांबारासाठी भांडं घेऊन निघाली होती.

या बाजारात कोणाचीच जागा ठरलेली नाही, कारण सावलीची जागा ठरलेली नाही. सकाळी सावली झाडाच्या पश्चिमेला पडते, बाजार पश्चिमेला बसतो. बाराच्या सुमाराला ती आखडते, तेव्हा सगळ्या जणी बुंध्याशी एकमेकींना चिकटून बसतात. ऊन कललं की बाजार पूर्वेला. दिवसातून तीन-चार वेळा बाजार उठतो आणि चार हात सरकून पुन्हा बसतो. आणि प्रत्येक वेळी जी कडेला असेल ती आत येते, आतली कडेला जाते, म्हणजे उन्हाचा वाटा सगळ्यांना सारखा. पालेभाजी उन्हात अर्धा तास राहिली तर ती कोणी घेत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

हे ठरवतं कोण, तर 'पहिली'. शुक्रवारी सकाळी जी बाई सगळ्यांच्या आधी येऊन टोपलं टेकवेल ती त्या दिवसाची पहिली. कोणी कुठं बसायचं ते ती सांगते, 'सरका' ती म्हणते, भांडण ती मिटवते. बाहेरचा कोणी आला तर बाजाराच्या वतीनं तीच बोलते. तिच्या शब्दाला त्या दिवशी अपील नाही. दिवस मावळला की तिचा शब्दही मावळला. पुढच्या शुक्रवारी दुसरी कोणी लवकर उठते आणि आदल्या पहिलीनं दिलेली जागा, केलेला निवाडा, घातलेली बंदी, सगळं पुसून पाटी कोरी.

मी बत्तीस वर्षं वर्ध्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. एकात्म शासनपद्धती म्हणजे राज्याची सर्व सत्ता एका केंद्राच्या हाती एकवटलेली असते ती, हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल देव जाणे. फायदे: निर्णय झटपट, कारभार सर्वत्र एकसारखा. तोटे: स्थानिक गरजांकडे दुर्लक्ष. पोरं लिहून घ्यायची, मार्क मिळवायची, विसरायची. निवृत्त होऊन गावी आले आणि पहिल्याच शुक्रवारी हा बाजार पाहिला. सगळी सत्ता एका बाईच्या हातात, पण संध्याकाळपर्यंतच. हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

आता सहीची गोष्ट.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी वरच्या ऑफिसातून एक माणूस मैदान मोजायला आला. त्यानं टेप लावला, फोटो काढले आणि विचारलं, बाजारातर्फे कोण? सगळ्यांनी धुरपताकडे बोट दाखवलं. त्या दिवशी ती पहिली होती. बाजारासाठी सोय करायची आहे, तुमची हरकत नाही ना, असं त्यानं विचारलं आणि कागद पुढं केला. धुरपतानं भाजीचे हात लुगड्याला पुसले आणि सही ठोकली. तिच्या हिशोबानं ती सही संध्याकाळपर्यंतची होती. पहिलीनं केलेली कुठलीही गोष्ट संध्याकाळच्या पुढं टिकते, हे तिला साठ वर्षांत कोणी दाखवलं नव्हतं.

ऑफिसच्या हिशोबानं ती सही कायमची होती.

मार्चमध्ये चिंचेच्या बुंध्यावर लाल रंगानं नंबर पडला. तोडायच्या झाडांवर घालतात तो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला: टिनाचं शेड, खाली सिमेंटचे चाळीस ओटे, दहा-दहाच्या चार रांगा, प्रत्येक ओट्याला क्रमांक, आणि तो ज्याच्या नावावर लागेल त्याचा. झाड मध्ये येत होतं, म्हणून झाड जाणार. नकाशाच्या कोपऱ्यात 'सर्व जिल्ह्यांसाठी नमुना' असं छापलं होतं. मी चष्मा लावून तो नीट पाहिला. मासळीचं पाणी वाहून जायला प्रत्येक ओट्याला नाली काढलेली होती. करंजखेडात समुद्र यायचा तेवढा राहिला आहे.

संमतीच्या कागदाची प्रतही शेजारीच डकवली होती. खाली ठळक अक्षरात: धुरपता भोयर.

त्या शुक्रवारी बाजारात तिच्याशी कोणी बोललं नाही. बोलली ती फक्त पौर्णिमा थूल. पौर्णिमा आंबाडी आणि वांगी विकते, तोंडानं फटकळ आहे आणि धुरपताशी तिचं वीस वर्षांचं लवकर उठण्याचं वैर आहे. भर बाजारात तिनं म्हटलं, "एका दिवसाची राणी झाली न् झाड इकून बसली."

धुरपता खाली मान घालून भाजीच्या जुड्या बांधत राहिली.

पौर्णिमाच्या रागाला आणखी एक कारण होतं, ते तिनं मला माझ्या ओसरीवर बसून सांगितलं. तिची सासू याच बाजारात सावलीबाहेर बसायची. धम्म घेतला तरी गावानं तिची जागा बदलली नव्हती. मग कोण्या एका शुक्रवारी ती चार वाजता उठून सगळ्यांच्या आधी आली, टोपलं बुंध्याशी टेकवलं आणि पहिली झाली. नियम नियमच होता. कडेची आत, आतली कडेला, हे त्या दिवसापासून सगळ्यांना लागू झालं. "आता नंबर पाडतीन," पौर्णिमा म्हणाली, "मंग कोणाचा नंबर कोठी, थे पुन्हा गावातले मोठे लोक ठरवतीन. आम्ही जाऊ पुन्हा कडेले, सिमेंटात पक्के."

दुसऱ्या दिवशी धुरपता माझ्याकडे आली. बसली नाही. सही मागं कशी घ्यायची तेवढं सांगा, म्हणाली. मी म्हटलं, आधी ऑफिसात विचारू.

ग्रामपंचायतीची मुदत संपली होती, निवडणुका लांबल्या होत्या, सरपंच घरी बसला होता आणि त्याच्या जागी धर्मेंद्र साहेब प्रशासक म्हणून आले होते. माणूस तरुण, नेटका, कामाचा. त्याच्याकडे आणखी दोन गावं होती आणि तिन्हींच्या चाव्या एकाच जुडग्यात. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या आणि सभ्यपणे समजावलं की पंचायत आता नाही, सदस्य नाहीत, पंचायतीचे सगळे अधिकार आता त्याच्यातच आहेत. पण नकाशा त्याचा नाही, तो वरून आला आहे. तालुक्याला गेलो. तिथले म्हणाले, वरून आलं. जिल्ह्याला गेलो. तिथं एका बाईनं फाइल काढून दाखवली, सगळं नियमानं होतं, संमतीपत्र वरच लावलेलं, आणि मंजुरी त्याच्याही वरून. धुरपतानं तिला विचारलं, वर जे साहेब बसतात त्यांच्या गावात ऊन कोणत्या बाजूनं येते? बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

येताना एसटीत मी तिला सांगितलं, जे आधी सांगायला हवं होतं. दिल्ली आणि राज्य यांच्यात अधिकारांची वाटणी आहे. पण गावाला काय द्यायचं आणि किती, ते बरंचसं राज्याच्या मर्जीवर. म्हणून पंचायत गेली की गावाच्या हातून सगळं गेल्यासारखं वाटतं. पण एक गोष्ट जात नाही. ग्रामसभा. ती कोणी निवडून देत नाही, म्हणून तिची मुदतही संपत नाही. मतदार यादीत ज्याचं नाव, तो तिचा सभासद.

"म्हंजे मी," धुरपता म्हणाली.

तू, मी, सगळे.

"अन् पौर्णिमा."

पौर्णिमासुद्धा.

केळझरचा गणपती करून परतणारी चार माणसं मध्ये चढली, तिनं त्यांना जागा करून दिली. उतरताना एवढंच विचारलं, ग्रामसभा कधी असते. एक मेला, मी म्हटलं. तिनं बोटांवर मोजलं. यंदा एक मे शुक्रवारी येत होता.

मग तिनं जे केलं ते मला शेवटपर्यंत नीट सांगितलं नाही. मला शिकवायची सवय आहे आणि तिला ती आवडत नाही. पहिलं काम तिनं हे केलं की पौर्णिमाच्या घरी गेली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि चुकलं म्हणाली. दुसरं, ती धर्मेंद्र साहेबांकडे गेली आणि विनंती केली की ग्रामसभा हॉलमध्ये नको, तिथं साठ माणसं मावतात आणि कोरमला शंभर लागतात, झाडाखाली घ्या. साहेबांना ते पटलं. मागच्या दोन सभा त्यांच्या कोरमअभावी तहकूब झाल्या होत्या. वर उत्तर द्यावं लागतं.

एक मेच्या सकाळी सहा वाजता मी दार उघडलं तर माझं अंगण बायकांनी भरलेलं. तेहतीस जणी, ओल्या पोत्यांनी झाकलेली टोपली पुढ्यात, गप्पा चाललेल्या. चौतिसावी, पौर्णिमा, कंपाउंडाच्या भिंतीवरून मैदानाकडे नजर ठेवून उभी. मी विचारलं, बाजार सोडून इथं काऊन? धुरपता म्हणाली, चहा ठेवा बाई, आज कोणाले घाई नाई.

साडेसहाला साहेबांची गाडी आली. झेंडावंदनाची तयारी करायची होती, माईक लावायचा होता. त्यांनी टेबल झाडाखाली ठेवलं, खुर्ची ठेवली, खुर्चीवर बॅग ठेवली.

पौर्णिमा वळून म्हणाली, "टेकलं."

सगळ्या उठल्या. चौतीस बायका डोक्यावर टोपली घेऊन मैदानात गेल्या आणि झाडाभोवती उभ्या राहिल्या. कोणी बसेना. साहेबांनी दोनदा सांगितलं, बसा बसा. कोणी बसेना. शेवटी धुरपता पुढं झाली.

"साहेब, आज तुम्ही सगळ्यायच्या आंधी आले. आमच्यात जो पयला येते, बाजार त्याचा. कोणी कोठी बसाचं थे तुम्ही सांगा. दिवसभर."

साहेब हसले. मला वाटलं, आता चिडतील. पण माणूस समजूतदार होता, की त्याला वाटलं ही आयतीच संधी आहे, कोण जाणे. त्यानं बॅगेतून नकाशा काढला. ठीक आहे, म्हणाला, चला, नवीन पद्धतीची रंगीत तालीमच होऊन जाऊ द्या. चुन्याची फक्की मागवली आणि झाडाच्या पश्चिमेला दहा-दहाच्या दोन रांगा आखल्या. वीस बायका क्रमांकानं बसल्या. उरल्या चौदा. त्यांच्यासाठी पुढं शेड होणारच आहे, तोवर घंटागाडी उभी करायचं पंचायतीचं टिनाचं शेड आहे, तिथं बसा. पौर्णिमाचा क्रमांक तिसाच्या पुढं लागला. ती टोपलं उचलून टिनाखाली जाऊन बसली.

झेंडावंदन झालं. पोरांना गोळ्या वाटल्या. ऊन चढलं.

नऊच्या सुमाराला पहिल्या रांगेच्या टोकाच्या तिघी उन्हात आल्या. बसून राहिल्या. साडेनऊला रांगेतल्या सात. सावली बुंध्याकडे सरकत होती आणि चुन्याच्या रेघा होत्या तिथंच होत्या. गिऱ्हाईक येत होतं, पालक उचलून बघत होतं, ठेवून देत होतं. एकीनं डोक्यावर पदर घेतला, तेवढीच हालचाल. साहेब टेबलावरून तीनदा उठले. सरका की थोडं, म्हणाले. कुठं सरकू, पुढं दुसऱ्याचा नंबर आहे, असं उत्तर आलं. ते खरंच होतं.

गावातले लोक जमत चालले होते, भाजी घ्यायला आलेले आणि भाजी न घेता उभे राहिलेले. सभा अकराला होती. दहालाच शंभराच्या वर माणसं होती.

मग पौर्णिमा टिनाखालून उठून आली. तिनं आंबाडीची जुडी साहेबांच्या टेबलावर ठेवली. सकाळी ताठ होती ती जुडी ओल्या फडक्यासारखी आडवी पडली. साहेबांनी ती उचलली, खाली ठेवली आणि चालत टिनाच्या शेडखाली गेले. मी घड्याळ पाहत होते. सहा मिनिटं ते तिथं उभे राहिले. परत आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

त्यांनी धुरपताला हळूच विचारलं, तुम्ही हे कसं करता?

धुरपता हळू बोलली नाही. "मी नाई सांगू शकत साहेब. आज पयले तुम्ही. पण पयलीले इचारता येते. सगळ्यायले इचारा, सगळे सांगतीन."

मी राज्यशास्त्र शिकवलं, पण सत्ता हातात असलेला माणूस विचारायला उभा राहतो तेव्हा त्याचा चेहरा कसा दिसतो ते त्या दिवशी पाहिलं. धर्मेंद्र साहेबांनी माईक घेतला आणि विचारलं, सांगा, कसं बसायचं?

चौतीस बायकांनी एकदम सांगितलं. काही कळलं नाही, पण सगळं कळलं. पाच मिनिटांत टोपली उचलली गेली, रेघा पायाखाली पुसल्या, टिनाखालच्या चौदा आत आल्या, सकाळपासून सावलीत बसलेल्या कडेला गेल्या. साहेबांचं टेबलही सरकलं. ते कडेला आलं, अर्धं उन्हात. पौर्णिमानं त्यांना सांगितलं की पुढच्या वेळी आत घेऊ.

अकराला सभा लागली. तीनशे बारा माणसं. कोणी भाषण केलं नाही. धुरपता उभी राहिली.

"माह्यी सही आहे त्या कागदावर," ती म्हणाली. "मी नाई म्हणत नाई. पण ते सही करणारी बाजाराची पयली होती, अन् ते त्याच दिवशी संध्याकाळी संपली. तिचा शब्द आज चालत नाई. आज शब्द या सगळ्यायचा आहे." तिनं हात गोल फिरवला.

ठराव साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिला: संमती मागे, झाड राहील, बाजाराला क्रमांकाचे ओटे नकोत, त्याऐवजी भाजी धुवायला पाण्याचं टाकं द्यावं. हात वर करा म्हटल्यावर मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. विरोधात एकही नाही. ठरावाखाली साहेबांनी आपला शेरा लिहिला की नमुना आराखडा या ठिकाणी प्रत्यक्ष वापरून पाहिला, उपयुक्त आढळला नाही. वरच्यांना असं लिहून पाठवायला छाती लागते, हे मी मान्य करते.

मी धुरपताला म्हटलं होतं, फार आशा धरू नकोस, कागद वर जातो तिथंच राहतो. माझं चुकलं. जुलैच्या एका शुक्रवारी पंचायतीचा सचिव पत्र घेऊन बाजारात आला. ग्रामसभेच्या ठरावास अनुसरून सदर काम वगळण्यात येत आहे. पाण्याच्या टाक्याचा प्रस्ताव सादर करावा. मी मोठ्यानं वाचलं, बायकांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. कोणीतरी चुन्याचा डबा आणला आणि बुंध्यावरच्या लाल नंबरावर हात फिरवला, मग दुसरीनं, मग सगळ्यांनी. झाड कमरेपर्यंत पांढरं झालं, लेकीबाळींचे पंजे उमटले, कोणाला हसू आवरेना.

सचिवाला पत्राची पोच हवी होती. त्यानं कागद धुरपतापुढं धरला. फाइलवर तिचंच नाव होतं.

धुरपतानं हात मागं घेतला. "मी काऊन? आज मी थोडीच पयली आहे." आणि तिनं पौर्णिमाकडे बोट दाखवलं.

पौर्णिमानं हात पुसले, ठसठशीत सही केली, तारीख टाकली आणि तारखेपुढं लिहिलं: फक्त आजची. मग पत्र डोक्यावर धरून तिनं सावली कुठवर आली ते बघितलं. धुरपता सकाळपासून बुंध्याशी होती. पौर्णिमानं सांगायच्या आधीच तिनं टोपलं उचललं आणि कडेला, उन्हाच्या रेघेवर येऊन उभी राहिली. मी अजून बुंध्याशीच पाटावर बसले होते.

"तुम्ही बी उठा बाई," ती मला म्हणाली. "कडेले."

आणि पौर्णिमानं आवाज दिला, "सरका."